पाच माइक, अठरा ओळी

ड्रमला माइक कुठले घ्यावेत, असं मला आजही आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं. कॉलेजातली पोरं असतात, लग्नाच्या पार्ट्या करणारे असतात. फोन पुढं करून चित्र दाखवतात: सात माइकचा संच, चकचकीत पेटी, काळ्या स्पंजात ओळीनं झोपवलेले सात माइक. "मॅडम, स्वस्तात मस्त आहे. घेऊ का?" मी नको म्हणते आणि एक छापील कागद हातात ठेवते. त्यावर अठरा ओळी आहेत. सोळा ओळी लोक गंभीरपणे वाचतात आणि शेवटच्या दोन वाचून हसतात. मी हसत नाही. त्या दोन ओळी कुठून आल्या ते एकदा लिहून ठेवायचं होतं. शांतपणे लिहू म्हटलं, तीनदा लिहून फाडलं. आता रागातच लिहिते. काम तरी पुरं होईल.

आमचं घर गारखेड्यात. खाली दोन खोल्या, वर एक, त्यावर पत्रा आणि बाजूला उघडी गच्ची. आजोबा वेरूळच्या देवळात भिक्षुकी करायचे. बाबांनी सरकारी कचेरीत कारकुनी धरली, पण आजोबांचं दोन गोष्टींचं वळण त्यांच्या हाडात राहिलं: पूजा आणि पेटी. पहाटे सोवळं नेसून दीड तास पूजा आणि कचेरीतून आल्यावर पेटीवर बसणं. त्या पेटीभोवतीच त्यांचा ऑर्केस्ट्रा जमला. पेटीवर बाबा, ड्रमवर माझा मोठा भाऊ श्रीरंगदादा, ढोलकीवर नामदेव, आणि गायक त्या त्या हंगामात मिळतील ते. घरात आवाजाला तोटा नव्हता. खाली पेटी, वर ड्रम, मधे आईची फोडणी, आणि शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या तो चौथा ताल. परीक्षेच्या दिवसांत दादा ड्रमवर गोधड्या टाकून वाजवायचा. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्सला. त्या धपधपाटात बसून मी गणितं सोडवली आहेत, त्यामुळं मला आजही शांततेत काम सुचत नाही.

मला याद्या करायची सवय तेव्हापासूनची. वाण्याची यादी, धोब्याची यादी, कार्यक्रमाला निघताना टेम्पोत काय चढलं त्याची यादी. ऑर्केस्ट्रातल्या लोकांना गाणी पाठ होती, पण वायर कुठं ठेवली ते एकालाही कधी आठवायचं नाही. कुठलं तरी एक टोक हॉलवर राहायचं आणि बाबा माझ्यावर ओरडायचे, जणू मी त्या हॉलवर होते. मला हॉलवर नेतच नसत. टेम्पो भरून देईपर्यंत मी, पुढचं पुरुषांचं.

मला एकच गोष्ट हवी होती, मिक्सरवर, म्हणजे सगळ्यांचा आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसायचं. तोपर्यंत बाबाच पेटी वाजवता वाजवता मधेच उठून मिक्सरच्या खुंट्या सरकवायचे आणि परत येऊन बसायचे. ड्रमला तर माइकच नव्हता. लहान हॉलमधे चालायचं, पण उघड्या मैदानावर दादा घाम गाळून वाजवायचा आणि मागच्या रांगेत फक्त झांजा पोचायच्या. त्या पावसाळ्यात बाबांनी ठरवलं की ड्रमला माइक घ्यायचे. पैसे बेताचे होते. दादानं एका मित्राकडून तसलाच एक पेटीबंद संच बघायला म्हणून आणला. प्लास्टिकच्या चिमट्यांचे, हलके, दिसायला देखणे. बाबा खूष. मी म्हटलं, "आधी वाजवून बघू."

वरच्या खोलीत मी एक माइक स्नेअरच्या, म्हणजे मधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, कडेला चिमट्यानं लावला आणि दादाला म्हटलं, वाजव, कार्यक्रमात वाजवतोस तसं. तिसऱ्या गाण्यात काठी कडेवर बसली, चिमटा मोडला आणि माइक दादाच्या पायाखाली गेला.

"तू मुद्दाम सैल लावलास, मंजे."

"घट्टच लावला होता. हवं तर दुसरा लावून बघ. सहा आहेत अजून."

दादानं दुसरा लावला नाही. मित्राला मोडका चिमटा कसा परत द्यायचा या विचारात तो दोन दिवस जेवला नाही, आणि ते खापरही माझ्यावर फुटलं.

उस्मानपुऱ्यात सलीमचाचांचं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजातून येताना मी तिथं तासभर बसायचे. गिऱ्हाईक आलं की चाचा मला स्टुलावरून उठवायचे नाहीत, गिऱ्हाइकाला उभं ठेवायचे. एवढ्यासाठीच मी त्या माणसाला आयुष्यभर मानलं. मी त्यांना संचाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "डब्बे को क्या देखते बेटा? दुकान में तो सब अच्छा बोलते. मार खाके कौन बोलता, वो देखना." मग त्यांनी आतून जुने, नवे, उघडलेले, मेलेले असे वीसेक माइक काढून माझ्यापुढं टाकले आणि मी आठ दिवस तिथं बसून यादी केली. ती यादी म्हणजे माझ्या पहिल्या सोळा ओळी. शरीर धातूचं हवं. जाळी अंगठ्यानं दाबून दबता कामा नये. हलवल्यावर आत खुळखुळ नको. जाळी फिरवून निघाली पाहिजे, आतला स्पंज धुता आला पाहिजे, कारण ड्रमरचा घाम आणि मैदानाची धूळ त्यातच बसते. साधा, बाहेरून वीज न लागणारा माइक घ्यावा. नाजूक जातीचे माइक स्टुडिओत शोभतात. वायर शंभरदा घालून काढावी, सैल झाली तर माइक परत करावा. मांडीच्या उंचीवरून गोधडीवर टाकावा आणि परत बोलून बघावं. चिमटा प्लास्टिकचा नको, लेथवाल्याकडून पत्र्याचा करून घ्यावा. आणि सात नकोत, पाच पुरेत: एक पायाच्या मोठ्या ड्रमच्या भोकात, एक स्नेअरवर दोन बोटं अंतर ठेवून, एक माइक दोन छोट्या ड्रमच्या मधे, एक जमिनीवरच्या ड्रमला, एक झांजांकडं. पैसे थोडे असले की कमी घ्यावेत पण दणकट घ्यावेत, हे मला त्या दुकानात कळलं.

असे पाच माइक मी निवडले. बाबांनी आणले, ऐकले, मान हलवली. कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही, पण त्या दिवशी निघालं: "कान आहे हो पोरीला." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "खंडेनवमीला आपल्याच कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम आहे. तोवर हे माइक टिकले तर त्या दिवशी मिक्सरवर तू बसायचं. माझा शब्द." दादा फिस्सकन हसला. मी यादी सुवाच्य अक्षरात काढून माइकच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. खाली नाव लिहायला गेले तर बाबा म्हणाले, "श्रीरंगचं लिही. चार लोक ट्रंक उघडतात. पोरीचं नाव बघून हसतील." मी लिहिलं. श्रीरंग. माझ्या अक्षरात.

माइक टिकले. गणपतीतले तीन कार्यक्रम झाले. एकदा स्टँड आडवा झाला, एकदा टेम्पोतून अख्खी ट्रंक घरंगळली, एकदा दादानंच रागाच्या भरात काठी हाणली. पाचही बोलत राहिले. मी कॅलेंडरवर नवमीच्या चौकटीत बारीक टिंब करून ठेवलं होतं.

अष्टमीच्या दुपारी मी बाजूला बसले.

ज्यांना हे सांगावं लागत नाही त्या बायकांना माझा नमस्कार. ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी: आमच्या घरात पाळी आली की तीन दिवस बाईनं कशाला शिवायचं नाही. वेगळं ताट, वेगळी चटई, वरच्या खोलीतला कोपरा. त्यात नवरात्र, घरात घट बसलेले. आईनं लांबूनच भगर आणि दाण्याची आमटी माझ्याकडं सरकवली. मी म्हटलं, "आई, उद्या कार्यक्रम आहे."

"मग?"

"मिक्सरवर मी बसणार आहे. बाबांनी शब्द दिलाय."

"बाबांना मी सांगितलंय," आई म्हणाली. "ते बघतील त्यांचं ते. उद्या त्या सगळ्या सामानाची पूजा आहे. त्याला हात लावू नकोस म्हणजे झालं."

आई आता माझ्याकडंच असते. ऐंशीच्या घरात आहे, तब्येत ठीक आहे. मी हा विषय काढला की म्हणते, "तेव्हा तसंच होतं." या वाक्याइतकी चीड मला जगातल्या कुठल्याच वाक्याची येत नाही. तसं आपोआप होत नसतं. कुणीतरी ताट सरकवतं, कुणीतरी बाबांना जाऊन सांगतं. मला न विचारता माझी पाळी बाबांना सांगितली, आणि त्यासरशी माझा सगळा पावसाळा रद्द झाला. बाबा वर येऊन बोललेसुद्धा नाहीत. शब्द परत घेतानाही माणूस समोर लागतो, एवढी तरी रीत पाळायची होती.

नवमीला सकाळी खाली शस्त्रपूजा झाली. आमची शस्त्रं म्हणजे पेटी, ढोलकी, ड्रम, मिक्सर आणि यंदा नवे माइक. मला वरून फक्त मंत्र आणि घंटा ऐकू येत होती. काय चाललंय ते नंतर नामदेवानं सांगितलं. बाबांनी पाचही माइक मोठ्या ताम्हणात उभे केले होते, डोकी वर करून. नीट कल्पना करा: काळा दांडा, वर गोल जाळीदार डोकं, ताम्हणाच्या मधोमध उभं. वेरूळच्या भटजीच्या मुलाला त्यात काय दिसलं असेल? पिंड दिसली. हात आपोआप पळीकडं गेला. दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पळी, मंत्रासह. मग शुद्धोदक. मग ओलं गंध, हळद, कुंकू, अक्षता. मग कोरड्या फडक्यानं वरवर पुसून ट्रंकेत. झाकणाच्या आत माझ्या सोळा ओळी होत्या. त्यात धूळ होती, घाम होता, काठी होती, टेम्पो होता. पंचामृत नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. माझ्या यादीत राहिलेली ती एकच गोष्ट, आणि ती खाली माझ्याच घरात घडत होती. मी जिन्यावर बसले असते तरी एका हाकेत थांबवली असती.

दुपारी तीनच्या सुमाराला नामदेव गच्चीच्या जिन्यानं वर आला. काखेत ट्रंक. नामदेव धनगरांचा, फुलंब्रीकडचा. बाप मेंढरं राखायचा आणि हा ढोल वाजवता वाजवता शहरात ढोलकीला लागलेला. धापा टाकत म्हणाला, "ताई, लई घाण आवाज येतोय. ड्रम वाजिवला तर गोधडीत कुणी तरी खोकल्यावानी. दादा म्हणतोय, मंजीनं भंगार माइक निवडले. बाबा बी मान हलिवतेत."

"मी भंगार निवडले?"

"मला नका इचारू. मी म्हणलं व्हतं बाबास्नी, आमच्या ढोलाला कुंकू लावतेत, त्याला काय होत नाय, चामडं हाय. ह्ये यंत्र हाय. तर म्हणले, तुला काय कळतंय."

त्यानं ट्रंक माझ्यापुढं ठेवली. मी मागं सरकले. सवय अशी असते. राग डोक्यात होता आणि अंग आपलं मागं सरकलं. नामदेवानं ते बघितलं.

"शिवा की," तो म्हणाला. "तुमाला तीन दिवसच बाजूला बसिवतेत. मला आठ वर्सं झाली ह्या घरात, अजून सैपाकघराचा उंबरा दावला नाय. माझ्या हातनं आलेली ट्रंक हाय, आता आनखी काय बाटायचं ऱ्हायलंय?"

मी ट्रंक उघडली. आंबूस गोड वास आला. तुपाचा थर जाळीवर थिजला होता आणि भोकाभोकांत कुंकवाचा चिखल बसला होता. मी रडले नाही. गच्चीवरच्या नळाखाली बादली लावली, कपड्याचा साबण किसून घातला आणि पाचही जाळ्या फिरवून काढल्या. निघाल्या. यादीतली चौथी ओळ. आतले स्पंज पिळले तर गुलाबी दूध निघालं. माइकच्या उघड्या तोंडावर जिथं साखर बसली होती तिथं कापसाची वात जरा ओली करून, श्वास धरून पुसलं. पत्र्यावर ऊन तापलेलं होतं, त्यावर सगळं वाळत टाकलं आणि नामदेवाला कावळे हाकायला बसवलं. तासाभरानं तीन माइक लख्ख बोलले. चौथा थोडा बसक्या आवाजाचा राहिला, त्याला मी पायाच्या ड्रममधे टाकायचं ठरवलं, तिथं बसका आवाज खपतो. पाचवा गेला. त्याच्या आत साखर खोलवर गेली होती.

"चार बास," मी म्हटलं. "झांजा तशाही ऐकू येतात."

"घेऊन जातो," नामदेव उठला.

"तू ट्रंक घे. मी येते."

तो ट्रंक खांद्यावर टाकून पुढं झाला. मी केस बांधले, ओढणी पक्की केली आणि घटावरून, देवघरावरून, आईच्या डोळ्यांसमोरून बाहेर पडले. आई म्हणाली, "मंजू!" एवढंच. शेजारच्या काकू दारात होत्या म्हणून पुढचं तिला म्हणता आलं नाही. ते माझ्या ध्यानात राहिलं.

मैदान दोन गल्ल्या सोडून. पाच वाजले होते, सतरंज्या अंथरल्या जात होत्या, पोरं ड्रमभोवती गोळा झालेली. मी चारही माइक लावले. दादा म्हणाला, "हे काय, तू?" मी म्हटलं, "वाजव." त्यानं वाजवलं. पायाचा ड्रम छातीत बसला, स्नेअर मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला आणि परत आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा ओशाळून काठ्या बघत बसला. मी मिक्सरमागच्या खुर्चीत बसले आणि खुंट्या जुळवायला लागले.

सहाला लोक बसले. पहिल्या रांगेत कॉलनीतल्या काकू, काका, बाबांचे कचेरीतले साहेब. बाबा पेटीकडं जाता जाता माझ्याजवळ आले, खाली वाकून म्हणाले, "ऊठ."

"का?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. या लोकांना माहीत नाही. त्यांनाही सांगा ना बाबा, मला का उठवताय ते." मी गायकाचा माइक त्यांच्यापुढं धरला. "चालू आहे. मी आत्ताच तपासलाय."

बाबांनी माइककडं बघितलं. मग लोकांकडं. साहेबांनी त्यांना हसून नमस्कार केला. ज्या गोष्टीमुळं मला उठवायचं होतं, ती चारचौघांत उच्चारायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती. मी शांत होते असं लोक सांगतात. नव्हते. माइक खरं तर बंदच होता, आणि मला तो खरोखर चालू करून सगळं ओरडून सांगावंसं वाटत होतं: पाळी, पंचामृत, श्रीरंगच्या नावाची यादी, नामदेवाचा उंबरा. बाबा वळले आणि पेटीवर जाऊन बसले. कार्यक्रम झाला. चांगला झाला. शेवटी निवेदकानं आभार मानताना सांगितलं, "आणि ड्रमच्या या दणदणीत आवाजाची सगळी मांडणी, आपल्या श्रीरंगची!" टाळ्या पडल्या. दादानं उठून हात जोडले.

दसऱ्याच्या सकाळी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. सोनं द्यायला आलेल्यांपुढं आई हसत होती आणि वळली की तोंड बंद. दुपारी खालून बाबांची हाक आली. हाक माझ्या नावाची नव्हती; "अगं, जरा बघ" अशी, भिंतीला मारल्यासारखी. मी खाली गेले. मिक्सर पाटावर ठेवला होता. मी त्याला शिवले होते म्हणून सकाळी बाबांनी त्याची शुद्धी केली होती. गोमूत्रानं. शिंपडलं नव्हतं, माझ्या पापाच्या मानानं चांगलं सढळ हातानं घातलं होतं. सगळ्या खुंट्या अडकल्या होत्या. परवा पुढचा कार्यक्रम होता आणि दसऱ्याला सलीमचाचांचं दुकान उघडं असेल-नसेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

तिसरा दिवस होता. अजून डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. मी बाबांकडं बघितलं, ते पंचांग चाळत होते. आई दारात उभी होती, मी शिवू नये असं ती म्हणाली नाही. ती हे आज नाकबूल करते. म्हणाली नाही.

मी स्क्रू काढले, खुंट्या सुट्या केल्या, एकेक पुसून घातली. दोन तास लागले. मग ट्रंक उघडली, झाकणाच्या आतल्या यादीखाली दोन ओळी लिहिल्या. सतरा: माइकला पूजेत पाणी, पंचामृत, गंध, कुंकू लावू नये, ट्रंकेच्या झाकणाला लावावं. अठरा: मिक्सरवर गोमूत्र घालू नये. शाई होती तशीच होती, अक्षरही तेच होतं. वरचं "श्रीरंग" मी त्याच पेनानं खोडलं, शेजारी माझं नाव लिहिलं, मंजिरी, आणि झाकण उघडंच ठेवून वर गेले.